पिठाच्या पिशवीचा परकर : दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कॅनडातील गरीब ग्रामीण मुले रोज काय घालत होती?

शिवणटिपण

नमस्कार. सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागातील एका छोट्या गावच्या संग्रहालयात मी आठवड्यातून एक दिवस विनावेतन काम करते. देणगी म्हणून आलेले कपडे झटकायचे, मोजायचे, नोंदवहीत उतरवायचे आणि आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवायचे, एवढेच ते काम. ते करताना एक गोष्ट मला सारखी खटकत आली आहे. आमच्या कपाटांत बाप्तिस्म्याचे लेस लावलेले झगे डझनावारी आहेत, लग्नाचे पोशाख आहेत, पहिल्या महायुद्धातील गणवेश आहेत. मात्र १९१९ ते १९३९ या वीस वर्षांत इथल्या लहान शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या किंवा रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्या माणसाच्या मुलाने शाळेत आणि गोठ्यात रोज घातलेले कपडे मोजून तीन आहेत.

हे कपडे कोणी जपले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जपण्याजोगे काही उरतच नसे. बापाचा लोकरी कोट पुढून झिजला की आई तो पूर्ण उसवत असे, कापडाची आतली, कमी विटलेली बाजू बाहेर घेत असे आणि त्यातून थोरल्या मुलाचा कोट बेतत असे. त्याला तो आखूड झाला की धाकट्याला, धाकट्याच्या कोपरांवर विरला की बाह्या कापून बंडी, बंडी फाटली की तिच्या धडक्या भागांतून हातमोज्यांचे अस्तर, आणि त्यानंतर ज्या पट्ट्या उरतील त्या गोणपाटावर गुंफून दारातले पायपुसणे. एकाच कापडाने दहा-बारा वर्षांत पाच-सहा जन्म घेतले, तर त्यातला नेमका कोणता जन्म संग्रहालयात यावा? म्हणून माझे म्हणणे असे आहे की या मुलांच्या कपड्यांचा इतिहास छायाचित्रांवरून लिहू नये. छायाचित्र काढायचे म्हणून त्या दिवशी मुलांना घरातले सगळ्यात चांगले, प्रसंगी शेजारून मागून आणलेले कपडे घातलेले असत. खरा इतिहास कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणींमध्ये असतो.

आमच्याकडच्या तीनपैकी एक कपडा सात-आठ वर्षांच्या मुलीचा आतला परकर आहे. तो पिठाच्या पिशव्यांचा आहे. त्या काळी कॅनडात घरगुती वापराचे पीठ ९८ पौंडांच्या सुती पिशवीत मिळत असे. १९६ पौंडांच्या जुन्या लाकडी पिंपाचे हे बरोबर अर्धे माप. पिशवीची शिवण साखळी टाक्याची असल्यामुळे योग्य टोक सापडले की एका ओढीत सगळी उसवली जाई. तो दोराही गुंडाळून ठेवत. उघडलेली पिशवी साधारण एक वार रुंद आणि त्याहून थोडी लांब भरे. चार पिशव्या जोडल्या की अंथरुणाची चादर होत असे, आणि एक-दोन पिशव्यांत लहान मुलीचा परकर, चोळी किंवा चड्डी. कापड आपल्या मांजरपाटासारखे, जाडसर आणि टिकाऊ असे. या परकराच्या नेफ्याजवळ, मागच्या अंगाला आणि आतल्या बाजूस, फिकट निळसर रंगात ९८ हा आकडा अजून वाचता येतो. छाप पूर्ण निघाला नाही, तेव्हा शिवणाऱ्या बाईने तो मागे आणि आत जाईल असे बेतले. पोर झोपाळ्यावर बसली किंवा वाऱ्याने झगा उडाला, तरी तो कोणाला दिसू नये एवढी काळजी तिने कापताना घेतली होती. रॉबिन हूड, फाइव्ह रोझेस, प्युरिटी, ओगिलवी ही पिठाची नावे ज्यांच्या चड्डीवर होती अशी माणसे इथल्या म्हाताऱ्या पिढीत पुष्कळ होती, आणि त्यांतल्या अनेकांनी ते सांगताना आवाज खाली घेतलेला मी ऐकला आहे.

थोडे हिवाळ्याविषयी, कारण इथल्या कपड्यांचा सगळा विचार हिवाळ्यापासून सुरू होतो. उणे चाळीस हा असा अंश आहे की तिथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, आणि प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशात, तो पुस्तकी आकडा नाही. सर्वांत आत अंगभर एकसंध लोकरी किंवा सुती गंजी-विजार असे आणि तिला मागे बटणांची झडप असे. नोव्हा स्कोशियातील ट्रूरो गावच्या स्टॅनफील्ड्स कंपनीच्या न आटणाऱ्या अंतर्वस्त्रांचे नाव देशभर होते. ज्यांना ती परवडत नसत त्यांच्या घरी फ्लॅनेलेट किंवा पिशव्यांचे कापड असे. तिच्यावर मुलामुलींना दोघांनाही मांडीपर्यंतचे लांब, उभ्या रेघांचे पायमोजे असत आणि ते एका आखूड बंडीला टाचलेल्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांनी वर धरलेले असत. पट्टीचे बटण हरवले की मोज्याच्या काठाआड एखादे नाणे किंवा गोल खडा धरून त्यावर फासा अडकवत. अंतर्वस्त्राचा पाय घोट्याशी घट्ट दुमडून त्यावर मोजा चढवावा लागे आणि कितीही जपून चढवला तरी पोटरीवर एक ओबडधोबड गाठ दिसतच असे. मुलींना या गाठीची फार लाज वाटे. कित्येक घरांत हा सगळा जामानिमा २४ मेच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाच्या सुमारास उतरवण्याची मुभा मिळे. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत मुले बहुधा अनवाणीच असत.

या विषयावर कोणाकडे माहिती असेल, विशेषतः कॅनडाच्या इतर भागांविषयी, तर जरूर लिहावे.

मागावरची

लेख फार आवडला. माझे शिक्षण वस्त्रतंत्रातले असल्यामुळे दोन शंका विचारते. छापाची शाई काढण्यासाठी त्या बायका नेमके काय करत? आणि नवी पिशवी अंगाला चांगलीच टोचत असणार. ती मऊ कशी होत असे?

शिवणटिपण

मागावरची ताई, आधी पिशवी झटकून पीठ काढत. मग छापावर डुकराची चरबी किंवा रॉकेल चोळून रात्रभर तसेच ठेवत, दुसऱ्या दिवशी घरी केलेल्या क्षाराच्या साबणाने घासत, कपडे उकळण्याच्या मोठ्या भांड्यात उकळत आणि ओले कापड गवतावर पसरून उन्हात ठेवत. उन्हाळ्यात गवतावर, हिवाळ्यात बर्फावर. असे तीन-चार वेळा केले की बहुतेक शाई जाई. मात्र लाल आणि निळ्या रंगांपैकी एखादा तरी हट्टाने राहत असे. पुढे कांद्याच्या सालींत उकळून पिवळसर किंवा बाजारातल्या रंगाच्या पुडीने गडद करून घेतले की तीच पिशवी मुलीचा बाहेरचा झगाही होऊ शके. कापड मऊ होत असे ते केवळ धुण्यामुळे. म्हणून नव्या पिशवीचा आधी पुसणीचा किंवा भांड्यांचा कपडा करायचा आणि वर्षभराने तो मऊ झाला की बाळाच्या लंगोटासाठी घ्यायचा, अशी काही घरांची रीत होती.

हे सगळे पाण्यावर अवलंबून होते, ही गोष्ट आपण विसरतो. दक्षिण सस्कॅचेवानात पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे, त्यात साबणाला फेस येत नाही. म्हणून पावसाचे पाणी पन्हळीखालच्या पिंपात साठवत आणि हिवाळ्यात बर्फ वितळवत. पिंपभर बर्फाचे पाणी किती थोडे होते, ते ज्याने एकदा करून पाहिले त्यालाच कळते. सोमवार हा धुण्याचा वार. दोरीवर टाकलेली अंतर्वस्त्रे क्षणात लाकडासारखी कडक होत आणि संध्याकाळी ती फळ्यांसारखी उभी काखेत धरून घरात आणावी लागत. एवढ्या खटाटोपामुळे मुलाला आठवड्याला एकच अंतर्वस्त्राचा जोड मिळे, आणि तो बदलणे म्हणजे शनिवारच्या अंघोळीनंतरचा सोहळा असे. शाळेतून घरी आल्याबरोबर शाळेचा झगा उतरवून खुंटीला लावायचा आणि कामाचे कपडे घालूनच गोठ्यात जायचे, हा दंडक जवळजवळ सगळ्या आठवणींत येतो. तो मोडला तर मार बसे.

लॉरेन्सकाठ

मी गेली बावीस वर्षे क्वेबेकमध्ये राहतो आणि प्रेअरीवरचे हे चित्र संपूर्ण कॅनडाचे मानू नये एवढे सुचवतो. इथल्या फ्रेंच भाषक खेड्यांत कापडाची कहाणी पिशवीपासून नव्हे, तर मेंढीपासून सुरू होत असे. एत्तॉफ द्यू पेई, म्हणजे शब्दशः देशी कापड, हे घरच्या लोकरीचे जाड राखाडी किंवा तपकिरी विणलेले कापड शतकभर गावकऱ्याच्या अंगावर होते. कारखान्याचे कापड स्वस्त झाल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माग माळ्यावर गेले. परंतु १९३० च्या मंदीत रोख पैसा नाहीसा झाला आणि पुष्कळ घरांत तेच माग पुन्हा खाली उतरवावे लागले. १९१५ पासून स्थापन होत गेलेल्या सेर्क्ल द फेर्मिएर या ग्रामीण स्त्रियांच्या मंडळांनी या कामी मोठा हातभार लावला. आजी विणत असे पण आईला येत नाही, अशी जी एक पिढी मधे गळली होती, तिला या मंडळांनी पुन्हा शिकवले.

इथेही जुनेर वाया जात नसे. त्याच्या पट्ट्या फाडून, टोकाला टोक शिवून, त्यांचे गोळे करत आणि उभ्या सुती धाग्यांवर त्या आडव्या विणून कातालोन्य नावाचे जाड पांघरूण करत. घरातली पाच-सहा भावंडे एका पलंगावर, एका कातालोन्यखाली, उन्हाळ्यातल्या आपल्याच झग्यांच्या पट्ट्या पांघरून झोपत. पादत्राणांच्या बाबतीत सांगायचे तर गायीच्या कातड्याची, मऊ तळाची, मोकासिनच्या बेताची घरगुती पायताणे या भागात बरीच उशिरापर्यंत टिकली. आदिवासींच्या मोकासिनवरून फ्रेंच शेतकऱ्यांनी ती फार पूर्वीच उचलली होती आणि आत दोन-तीन लोकरी मोजे घातले की कोरड्या बर्फात ती दुकानच्या बुटाहून उबदार असत. बर्फ ओला झाला की मात्र त्यांचा काही उपयोग नसे. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये शाळेतली हजेरी घटत असे.

एक गोष्ट मनापासून लिहितो. मंदीच्या काळात शहरातील बेकार कुटुंबांना सरकारी योजनांतून उत्तरेकडे, आबितिबीच्या जंगलात वसाहतीसाठी पाठवले गेले. १९३२ ची गॉर्डन योजना आणि १९३४-३५ ची व्होत्रँ योजना या त्यांतल्या प्रमुख. या कुटुंबांकडे मेंढी नव्हती, माग नव्हता, आणि कित्येकांच्या बायकांना सूत काढण्याची विद्याही नव्हती. जुन्या खेड्यातली गरिबी आणि या नव्या वसाहतीतली गरिबी यांत हाच फरक होता. पहिलीच्या हाताशी साधने आणि हातात कसब होते, दुसरीजवळ दोन्ही नव्हते. मुलांच्या कपड्यांकडे पाहताना गरीब हा एकच शब्द पुरत नाही, असे मला वाटते.

जुना_वाचक

माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न कदाचित भाबडा वाटेल. ईटन्सच्या कॅटलॉगविषयी फार ऐकले आहे. खेड्यापाड्यांत टपालाने कपडे पोहोचत होते, मग इतकी ओढाताण का? आणि त्या पिढीच्या काटकसरीचे आजच्या पिढीने अनुकरण करावे असेही सुचवावेसे वाटते.

शिवणटिपण

प्रश्न भाबडा अजिबात नाही, उलट मुळावरच बोट ठेवणारा आहे. टोरंटोच्या ईटन्सने पहिला कॅटलॉग १८८४ साली काढला, १९०५ साली विनिपेगला मोठे दुकान उघडले आणि तेव्हापासून पश्चिमेकडच्या शेतकऱ्याच्या घरात बायबलच्या शेजारी हा कॅटलॉग असे. माल पसंत पडला नाही तर पैसे परत, हे त्यांचे ब्रीद होते. मुलाचे पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, तो कागद मागणीपत्रासोबत पाठवायचा, आणि त्यात पुढच्या वर्षाची वाढ धरायची. कॅटलॉग हे विकत घेण्याचे साधन होते त्याहून अधिक बेतण्याचे होते. आई चित्रातला झगा नीट न्याहाळायची आणि वर्तमानपत्राचा कागद कापून तसाच नमुना तयार करायची. जुना अंक मग संडासात जाई किंवा मुले हॉकी खेळताना नडग्यांना बांधत.

पण कॅटलॉगला रोख पैसे लागत आणि तेच नाहीसे झाले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बुशेल या धान्याच्या मापाला डॉलरच्या आसपास असलेला गव्हाचा भाव १९३२ च्या शेवटी ४० सेंटांच्याही खाली गेला. त्याच सुमारास पॅलिसर त्रिकोण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोरड्या पट्ट्यात पावसाने वर्षामागून वर्षे दगा दिला. १९३७ साली सस्कॅचेवानमध्ये एकरी सरासरी तीन बुशेलांपेक्षाही कमी गहू झाला, म्हणजे काही शेतांत बियाणेही परत आले नाही. त्या वर्षी प्रांतातील ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे दोनतृतीयांश लोक सरकारी मदतीवर जगत होते. अशा घरात बुटाची मागणी नोंदवायची तर शेतातल्या खारींच्या, ज्यांना इथे गोफर म्हणतात त्यांच्या, शेपट्या गोळा करून नगरपालिकेकडून शेपटीमागे साधारण एक सेंट मिळवणे, हा मुलांचा स्वतःचा एकमेव मार्ग होता. बुटाचा तळ झिजला की आत पुठ्ठा, तुटलेल्या नाडीच्या जागी पेंढ्या बांधायची सुतळी.

१९३० ते १९३५ या काळात पंतप्रधान असलेल्या आर. बी. बेनेट यांना सामान्य माणसांनी लिहिलेली शेकडो पत्रे आज अभिलेखागारात आहेत. त्यांत कपड्यांची मागणी पुन्हा पुन्हा येते. मुलांना बूट नाहीत, अंतर्वस्त्रे नाहीत, म्हणून ती शाळेत जाऊ शकत नाहीत, असे आया पेन्सिलीने, वहीच्या फाडलेल्या कागदावर लिहितात, आणि बहुतेक पत्रांत एक वाक्य या ना त्या रूपात असते की यापूर्वी आम्ही कोणापुढे हात पसरलेला नाही. बेनेट यांनी धोरण बदलले नाही, परंतु कित्येकांना स्वतःच्या खिशातून दोन किंवा पाच डॉलर पाठवले. पूर्वेकडून चर्चच्या आणि रेडक्रॉसच्या वतीने रेल्वेचे डबेच्या डबे भरून जुने कपडे आले, त्यांत युनायटेड चर्चचा वाटा मोठा होता. पण शहरातून आलेल्या गठ्ठ्यात काय निघेल याचा नेम नसे. मुलाला बहिणीचे उंच टाचेचे बूट टाच कापून घालावे लागल्याच्या आठवणी मी स्वतः ऐकल्या आहेत. सांगणारे गृहस्थ नव्वदीच्या घरात होते आणि बूट कोणत्या रंगाचे होते तेही त्यांना आठवत होते.

राहिला काटकसरीचा मुद्दा. आपला हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे, तरीही इथे मी आदरपूर्वक असहमत आहे. काटकसर म्हणजे ज्याला खर्च करता येतो त्याने हात आखडता घेणे. या बायकांपुढे तसा पर्यायच नव्हता. कोट उलटवून शिवणे याचा अर्थ दिवसभराच्या कामानंतर रॉकेलच्या दिव्यात, गडद कापडावर गडद दोऱ्याने, तीन-चार रात्री बसणे असा आहे. आणि आईचे हात पुरले नाहीत की थोरल्या मुलीची शाळा सुटत असे, ती मोजे रफू करायला. या श्रमांची किंमत कोणी मांडली नाही, म्हणून ते कपडे फुकट झाले असे आपल्याला वाटते.

जुना_वाचक

आपण म्हणता ते पटले. श्रमाचा विचार मी केला नव्हता. शब्द मागे घेतो.

हॅलिफॅक्सकर

पूर्व किनाऱ्यावरून दोन गोष्टी जोडतो. पहिली केप ब्रेटनच्या कोळसा खाणींविषयी. तिथली गावे शेतीची नव्हती, तरी शहरीही नव्हती. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि मुलांचे बूट-कपडे त्या दुकानातून उधारीवर घेतले की मजुरीतून परस्पर कापले जात. लोक या दुकानांना प्लक-मी म्हणत, म्हणजे आम्हाला सोलून काढणारी. मार्च १९२५ मध्ये ब्रिटिश एम्पायर स्टील कॉर्पोरेशनने या दुकानांतली उधारी बंद केली आणि संप पेटला. हिवाळा अजून सरला नव्हता. ११ जून रोजी कंपनीच्या पोलिसांच्या गोळीबारात विल्यम डेव्हिस हा खाणकामगार मारला गेला आणि त्यानंतरच्या दिवसांत लोकांनी कंपनीची दुकाने फोडली. तो दिवस नोव्हा स्कोशियात आजही पाळला जातो. शेतकऱ्याच्या मुलाचा कोट भावावर आणि पावसावर अवलंबून असेल, तर खाणकामगाराच्या मुलाचा कोट कंपनीच्या वहीतल्या एका रेघेवर अवलंबून होता, एवढाच मुद्दा मला मांडायचा आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीवजा आहे. पिठाच्या पिशव्यांच्या कपड्यांविषयी लिहिताना न्यूफाउंडलंडची उदाहरणे कॅनडाची म्हणून सर्रास दिली जातात. तिथे हा प्रकार खूपच होता, परंतु न्यूफाउंडलंड १९४९ साली कॅनडात आले. त्याआधीच्या काळातले कपडे त्या स्वतंत्र वसाहतीचे म्हणूनच नोंदवावेत.

उत्तरध्रुव

सगळा धागा वाचला. एक उणीव भरून काढावीशी वाटते. याच काळात, याच प्रेअरीवर आदिवासी मुलांच्या अंगावरून घरचे कपडे काढून घेतले जात होते. १९२० साली इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे आदिवासींना लागू असलेल्या कॅनडाच्या कायद्यात, झालेल्या दुरुस्तीनंतर सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना निवासी शाळेत पाठवणे सक्तीचे करता येऊ लागले. तिथे पहिल्या दिवशी मोकासिन आणि आईने मणी विणलेला अंगरखा काढून घेत, केस कापत आणि संस्थेचे कपडे चढवत. ते कपडेही बहुतेक वेळा शाळेतल्या मुलीच शिवत, कारण अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस काम अशी पद्धत होती. वर पिशवीच्या परकराबद्दल लिहिताना आकडा आत जावा म्हणून आईने घेतलेल्या काळजीचा उल्लेख आला आहे. या मुलांच्या कपड्यांत तो आईचा हातच नव्हता. दोन्ही प्रकारचे कपडे जाडेभरडे, दोन्ही ठिगळांचे. पण त्यांना एका रांगेत बसवू नये.

शिवणटिपण

उत्तरध्रुव, आपण हे लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. आमच्या नोंदवहीत अशा शाळेतला एकही कपडा नाही, आणि ही रिकामी जागा यापुढे मी नोंदीत तशीच, शब्दांत लिहून ठेवणार आहे. हॅलिफॅक्सकर यांची दुरुस्तीही योग्य आहे.

मागावरची

शिवणटिपण, एक राहिलेच. इतके सगळे झिजून संपत असे, तर तो परकर वाचला कसा?

शिवणटिपण

हे आधीच सांगायला हवे होते. तो परकर परकर म्हणून आमच्याकडे आलाच नाही. एका शेतघराच्या वाटपात निघालेली गोधडी देणगी म्हणून आली होती. वरून पुरुषांच्या सुटाचे, विजारींचे गडद लोकरी चौकोन, खाली पिशव्यांचेच अस्तर. उचलताच ती अपेक्षेपेक्षा फार जड लागली. तिची एक कड उसवलेली होती आणि तिथून पांढऱ्या कापडाचा कोपरा डोकावत होता. लोकर किंवा कापूस विकत घेणे परवडत नसे तेव्हा गोधडीच्या पोटात जुने कपडे सपाट पसरून घालत. त्या उसवलेल्या कडेतून एकही टाका न तोडता जे एक वस्त्र बाहेर काढता आले, ते म्हणजे हा परकर.

मी तो तीनदा मोजला आहे. मूळ लांबी एकवीस इंच. घेराच्या वर आडवे दोन दाब होते. वाढत्या अंगाचा म्हणूनच शिवला होता. पहिला दाब सोडल्याची रेघ पिवळी पडलेली आहे, दुसऱ्याची तितकी नाही. दोन्ही सोडल्यावर लांबी पंचवीस इंचांवर गेली. त्यानंतर खाली दुसऱ्या पिशवीची दोन इंच पट्टी जोडलेली आहे, तिचे पोत थोडे विरळ आहे. मूळ शिवण पायमशीनची, सरळ आणि बारीक आहे. पट्टीचा टाका मात्र हाताचा धावदोरा आहे, सुरुवातीला फार लांब, मध्ये वेडावाकडा आणि शेवटच्या हातभर अंतरात जवळजवळ एकसारखा. माझा अंदाज असा की ती पट्टी परकर घालणाऱ्या मुलीने स्वतःच जोडली, आणि जोडता जोडता तिचा हात बसला.

गोधडी पूर्ण उसवावी का, यावर आमच्या समितीत दोन बैठका झाल्या. उसवली तर आत आणखी दोन-तीन मुलांचे कपडे मिळतील, पण ज्या बाईने ते आत घालून टाके मारले तिचे काम नष्ट होईल. शेवटी ती उसवायची नाही असे ठरले. मागच्या गुरुवारी मी आणि माझी सहकारी ती दोन टोकांनी धरून खिडकीपाशी उभ्या राहिलो. अस्तराच्या बाजूने ऊन आले तेव्हा विटलेल्या एका चौकोनाआड एक आखूड बाही दिसली, मनगटाशी दुमडलेली, आणि दुमडीवर अजून शिवलेले एक बटण.